मुलगी दहावीला आहे. सीईटी-जेईईची तयारी आत्तापासून की अकरावीपासून?

रिवायंडिंगवाला_करमाळा

नमस्कार मंडळी. करमाळ्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. माझं शिक्षण आयटीआय, इलेक्ट्रिशियन. घरात बारावी सायन्स केलेलं कुणीच नाही, विचारायचं कुणाला, म्हणून इथे टाकतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मुलगी यंदा दहावीला, सेमी इंग्रजी. नववीला ८७ टक्के. क्लास फक्त गणिताचा, तोही गल्लीतल्याच एका ताईंकडे. शाळा सुटली की दुकानात येऊन बसते. जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढली की वेढे मोजून वहीत लिहायचं काम तिचं. परवा एक तीन फेजची मोटार आली, ३६ स्लॉट (तार बसवायच्या खाचा), ४ पोल (चुंबकाचे ध्रुव). ती म्हणाली, "म्हणजे एका पोलला ९ स्लॉट. मग कॉइल १ ते १० पाहिजे. तुम्ही १ ते ९ का टाकता?" मला उत्तर देता आलं नाही. आमच्या उस्तादानं तशी टाकायला शिकवली, आम्ही पंचवीस वर्षं तशीच टाकतोय.

तर तिला इंजिनिअरिंगला जायचंय असं तिचं म्हणणं. मेडिकल नको, रक्त बघवत नाही.

आता खरी अडचण. जुलैपासून दुकानात क्लासवाल्यांची माणसं यायला लागली. कुणी बार्शीचं, कुणी लातूरचं, कुणी पुण्याचं. एकानं तर गणितच मांडून दाखवलं : अकरावी-बारावीचं दोन वर्षांचं पॅकेज १ लाख ६० हजार, कॉलेज त्यांचंच 'टाय-अप'चं, तिथं जायची गरज नाही, हजेरी ते बघून घेतात. दिवाळीच्या आत २५ हजार भरले तर ३० हजारांची सूट. आणि वर, "साहेब, आठवीपासून फाउंडेशन करणारी पोरं आहेत, तुम्ही आधीच दोन वर्षं मागे आहात." त्या रात्री मला झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू.

माझे प्रश्न :

दहावीचा अभ्यास चालू असताना हे फाउंडेशन वगैरे खरंच लागतं का? टाय-अपचं कॉलेज घ्यावं की साधं कॉलेज आणि बाहेर क्लास? आणि जेईई व सीईटी दोन्ही द्यायच्या असतात की एकच?

घरची म्हणते पोरीला इतक्यात बाहेर ठेवायचं नाही. मी म्हणतो इथं ठेवून मागे पडली तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल. सांगा काय ते.

---

परांड्याची_मावशी

भाऊ, पहिलं म्हणजे तो २५ हजारांचा चेक लिहू नका. दिवाळीनंतरही तीच सूट असते, नाताळात असते, निकालाच्या आदल्या दिवशीही असते. मी स्वतः पाहिली.

माझा मुलगा दोन वर्षं लातूरला होता. लातूरला नावं ठेवायची म्हणून लिहीत नाही. माझ्या नणंदेची मुलगी तिथंच शिकली आणि तिचं सोनं झालं. तिला पहाटे उठायची सवय घरूनच होती. आमच्या चिरंजीवांना आठला हाक मारावी लागायची, ती हाक मारायला तिथं कोण?

झालं असं. पहिल्या महिन्यात सगळ्यांची एक परीक्षा झाली आणि गुणांवरून तुकड्या पाडल्या. हा खालून दुसऱ्या तुकडीत गेला. जाहिरातीच्या फलकावर ज्या सरांचे फोटो होते ते वरच्या दोन तुकड्यांना शिकवायचे. आमच्याकडे भौतिकशास्त्राला वर्षात तीन सर बदलले. हे मला कळलं कधी, तर दिवाळीत. घरी आला तेव्हा बॅग मी उपसली. क्लासची नऊ मॉड्यूल, म्हणजे अभ्यासाची पुस्तकं होती, त्यातल्या पाचांचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. रागावले नाही. बाहेर जाऊन भांडी घासत बसले.

दुसरं, प्रॅक्टिकल. टाय-अपच्या कॉलेजात त्यानं व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात धरलं ते बारावीच्या जानेवारीत. बोर्डाला भौतिक आणि रसायनला प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. गुण मिळतात हो सगळ्यांना, त्याचं काही नाही. पण इंजिनिअरिंगला गेल्यावर पहिल्या वर्षी लॅबमध्ये हा कोपऱ्यात उभा राहायचा, असं त्यानंच सांगितलं.

तुमची मुलगी मोटारीचे वेढे मोजते. तिला हात न लावता शिकायच्या ठिकाणी पाठवायचं का, ते तुम्हीच ठरवा.

क्लासला जाऊन एवढंच विचारा : माझ्या मुलीच्या तुकडीला कोण शिकवणार, आणि तुकडी बदलली तर कोण शिकवणार? आणि त्या सरांच्या एका तासाला मला मागच्या बाकावर बसू द्या. "बसा की" म्हणाले तर पुढचं बोला.

---

गणिताचा_मास्तर

३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवलं, आता निवृत्त. मावशींशी बहुतांशी सहमत, पण सगळा दोष क्लासवर टाकून भागत नाही. कॉलेजात आम्ही नीट शिकवलं असतं तर यांची दुकानं एवढी चालली नसती.

फाउंडेशनचं आधी बोलू. "दोन वर्षं मागे आहात" हे वाक्य पालकाच्या भीतीवर फी लावण्यासाठी असतं. तुमच्या मुलीला अकरावीच्या गणितासाठी जे लागतं ते दहावीच्याच पुस्तकात आहे : अवयव पाडणं, वर्गसमीकरण, समरूप त्रिकोण, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती. अकरावीत नापास होणारी मुलं मी पाहिली ती नव्या धड्यात अडलेली नव्हती. उणे चिन्ह कंसाबाहेर काढताना अडलेली होती. तिला दहावीची बीजगणित-भूमिती एकही उदाहरण न सोडता करू द्या. यंदा एवढंच फाउंडेशन.

मार्चमध्ये परीक्षा संपली की अकरावी सुरू होईपर्यंत मोकळे महिने मिळतात. त्यातला पहिला पंधरवडा दुकानात जाऊ द्या किंवा मामाकडे जाऊ द्या. मग बालभारतीच्या संकेतस्थळावरून अकरावीची पुस्तकं उतरवून घ्या, फुकट आहेत. त्यातली त्रिकोणमिती आणि सरळ रेषा एवढं तिनं आपलं आपण वाचलं तरी अकरावीच्या वर्गात तिचा चेहरा वेगळा दिसेल.

आता परीक्षा. आमच्याकडची, म्हणजे महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी ज्या नमुन्याची आहे ती अशी : भौतिक ५० प्रश्न, रसायन ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. गणित ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. एकूण २००. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे, आणि तुमची मुलगी गणितवाली. भौतिक-रसायनला मिळून ९० मिनिटं, गणिताला वेगळी ९० मिनिटं. अलीकडचा वेळ पलीकडे नेता येत नाही. भागाकार करून बघा : भौतिक-रसायनच्या एका प्रश्नाला ५४ सेकंद, गणिताच्या प्रश्नाला १०८ सेकंद. जेईई मेनला, म्हणजे देशपातळीवरच्या परीक्षेला, तेवढ्याच तीन तासांत ७५ प्रश्न असतात, पण एकेक प्रश्न दोन-दोन धड्यांतून फिरवून आणतो आणि चुकला तर एक गुण कापतो. सीईटी वेगाची, जेईई खोलीची. जेईईचा अभ्यास नीट केलेल्या मुलाला सीईटीसाठी फक्त घड्याळाचा सराव लागतो. उलटं मात्र होत नाही.

म्हणून माझं मत : अकरावीच्या दिवाळीपर्यंत खोलीनं शिकू द्या, जेईईचे प्रश्न घालून बघा. झेपतंय, मजा येतेय असं तीच म्हणाली तर दोन्ही द्या. प्रत्येक प्रश्नाला रडू येत असेल तर जेईई सोडून सीईटीवर बसा. महाराष्ट्रातल्या चांगल्या सरकारी आणि अनुदानित कॉलेजांच्या बहुतेक जागा सीईटीवरच भरतात, पुण्याचं सीओईपी असो, मुंबईचं व्हीजेटीआय असो की तुमच्या बाजूनं सांगलीचं वालचंद. आयआयटी नाही म्हणजे काही नाही, हे खूळ शहरातून आलंय.

अकरावीबद्दल एक कळकळीची विनंती. "सीईटीत अकरावीचे फक्त २० टक्के प्रश्न" हे ऐकून पोरं ते वर्ष झोपून काढतात. बारावीच्या गणिताचा दुसरा भाग जवळजवळ सगळा कलनावर (कॅल्क्युलसवर) उभा आहे, आणि त्याचा पाया, सीमा नि सांतत्य, अकरावीत आहे. तो कच्चा राहिला की ते २० टक्के जातातच, वरचे ८० टक्केही डळमळतात.

माझ्या विद्यार्थ्यांना एक सवय लावायचो. चुकलेल्या प्रत्येक उदाहरणापुढे एकच अक्षर लिहायचं. 'न' म्हणजे आलंच नाही. 'घ' म्हणजे घाईत चुकलं. 'व' म्हणजे प्रश्न नीट वाचलाच नाही. महिनाअखेर मोजायचं. एका मुलाचे ४१ पैकी २३ 'व' निघाले. त्याला क्लास बदलून काय उपयोग होता? त्याला प्रश्नातल्या 'नाही' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारायला शिकवलं.

सेमी इंग्रजी आहे ते बरं आहे. सीईटीत भौतिक, रसायन मराठीतून देता येतं, गणित मात्र इंग्रजीतच असतं.

---

डिप्लोमा_बरा

एवढं सगळं कशाला? दहावीनंतर पॉलिटेक्निक. प्रवेश दहावीच्या गुणांवर, सीईटीची कटकट नाही. तीन वर्षांनी थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तेही डिप्लोमाच्या गुणांवर. मी असाच गेलो. इलेक्ट्रिकल असेल आणि पोरीला हातानं काम आवडत असेल तर उत्तम.

---

रिवायंडिंगवाला_करमाळा

डिप्लोमावाल्या दादा, खरं सांगू का, माझ्याही मनात तेच होतं. पोरीपुढे विषय काढला तर म्हणाली, "आधी अकरावी-बारावी करू द्या, मला गणित जास्त शिकायचंय." आता गणित जास्त शिकायचंय म्हणणाऱ्या पोरीला काय बोलणार.

सर, न-घ-व कालच सुरू केलं. पहिल्या दिवशी सहा 'घ'. बापावर गेलीय.

---

इलेक्ट्रिकल_दुसरं_वर्ष

काका, मी परभणीकडची, आता सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला. आधी तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर, कारण मला ते वाचून फार भारी वाटलं. कॉइल पूर्ण पोलएवढी न टाकता एक स्लॉट आखूड टाकली की बाहेरच्या बाजूला वळणारी तार कमी लागते, आणि फेजच्या व्होल्टेजमधले नको असलेले हार्मोनिक्सही (मूळ लहरीत मिसळणाऱ्या जादा लहरी) कमी होतात. थोडं व्होल्टेज घटतं, पण सौदा फायद्याचा. याला शॉर्ट पिच म्हणतात. आम्हाला हे आत्ता कुठे शिकवलंय. तुमचे उस्ताद बरोबर होते, तिला सांगा.

आता माझी फजिती. मी साधं कॉलेज केलं आणि संध्याकाळी एका सरांकडे शिकवणी. दोन वर्षं जेईईच्या पद्धतीनं सराव, म्हणजे खात्री नसेल तर प्रश्न सोडायचा, नाहीतर गुण कापतात. ही सवय हाडात गेली. जानेवारीत जेईई मेन दिली, मग फेब्रुवारीत बोर्ड, मग पुन्हा जेईई, मग सीईटी. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, हे मला माहीत होतं. पाठ होतं. तरी गणिताचा वेळ संपला तेव्हा माझे १३ प्रश्न कोरे होते. चार पर्यायांतला कुठलाही एक दाबून आले असते तरी दोन-तीन लागले असते, प्रत्येकी २ गुण. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "अगं, शेवटच्या मिनिटाला सगळं 'सी' करून टाकलं मी." मी रिक्षात रडले.

म्हणून दोन्ही परीक्षा द्यायच्या असतील तर मधल्या दिवसांत फक्त सीईटीचे पेपर, पूर्ण तीन तास, आणि नियम एकच : एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आणि हे पेपर मोबाईलवर सोडवू नका. मी सगळे मोबाईलवर सोडवले होते. केंद्रावर मोठा स्क्रीन, जड माऊस, मान वर करून प्रश्न वाचायचा, मान खाली घालून कच्चं काम करायचं. पहिली दहा मिनिटं हात स्थिर नव्हता. गावातल्या कुठल्याही संगणक वर्गात ताशी पैसे देऊन चार-पाच पेपर दिले तरी पुरे.

सीईटीत गुण नाही, पर्सेंटाइल लागतं, म्हणजे शंभरातली किती मुलं आपल्या मागे आहेत ते. परीक्षा कितीतरी सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून गुण एका पातळीवर आणतात. मैत्रिणीचे १२० आणि आपले ११२ असं मोजून रात्र घालवू नये. मी घालवली.

बोर्डाकडे दुर्लक्ष करू नका. सीईटीच्या मेरिटमध्ये बारावीचे गुण धरत नाहीत, पण खुल्या गटाला तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतातच, राखीवला ४०. जेईईवरून एनआयटी (केंद्र सरकारचं इंजिनिअरिंग कॉलेज) हवी असेल तर बारावीला ७५ टक्क्यांची अट बघून ठेवा.

राहायचं म्हणाल तर मी रोज एसटीनं जायचे. दीड तास जाऊन-येऊन. सकाळच्या गाडीत रसायनशास्त्राच्या अभिक्रिया पाठ व्हायच्या. परतीला झोप. काकूंना सांगा, असंही होतं.

---

सेवा_केंद्र_चालक

मी महा ई-सेवा केंद्र चालवतो, पंढरपूरच्या बाजूला. अभ्यासातलं मला कळत नाही. पण दर जून-जुलैला ९५ पर्सेंटाइलची पोरं कागदासाठी माझ्या दारात रडताना बघतो, म्हणून लिहितोय. तुम्ही कुठल्या प्रवर्गातले हे विचारत नाही, जे लागू असेल ते घ्या.

जात पडताळणी : राखीव प्रवर्ग असेल तर नुसता जातीचा दाखला चालत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. मुलगी अकरावी सायन्सला गेली की लगेच कॉलेजमार्फत अर्ज टाका. बारावीच्या निकालापर्यंत थांबलात तर रांगेत शेवटी. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो तुमच्या दाखल्यावर नसणार, तुमच्या वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या शाळेच्या नोंदीवर असेल. शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर जनरल रजिस्टरचा उतारा. तो शोधायला सहा महिने लागतात, कारण जुन्या शाळेचं रजिस्टर ज्यांच्या कपाटात असतं ते गुरुजी नेमके रजेवर असतात.

नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएसचे (आर्थिक दुर्बल घटकाचे) दाखले आधीच काढून ठेवू नका, त्यांना मुदत असते. प्रवेशाच्या वर्षी तारीख बघून काढा. अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा मात्र आजही काढता येतो.

पैशाचं : आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी फेऱ्यांतून झाला असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. २०२४-२५ पासून आहे. वसतिगृह, मेस, बस त्यात नाही. त्याशिवाय टीएफडब्ल्यूएस नावाच्या शिक्षण शुल्क माफीच्या जागा असतात, उत्पन्नाची अट तीच ८ लाख. पर्याय भरताना कोडच्या शेवटी 'टी' असलेला पर्याय वेगळा भरावा लागतो. न भरल्यानं घालवणारे दर वर्षी भेटतात.

ओबीसी, विमुक्त-भटके किंवा विशेष मागास प्रवर्गातले असाल तर महाज्योती या सरकारी संस्थेचं फुकट ऑनलाइन प्रशिक्षणही आहे, जेईई, नीट, सीईटीचं. टॅब देतात, डेटा देतात. दहावी झाल्यावर जाहिरात येते तेव्हा अर्ज करा. १ लाख ६० हजार आधी खिशातच ठेवा.

आधारवरचं नाव आणि शाळेच्या नोंदीतलं नाव एक आहे का, हे आज रात्रीच बघा. बोर्डाचा दहावीचा फॉर्म भरायच्या आधी दुरुस्ती सोपी आहे, नंतर मुंबई-पुण्याच्या चकरा.

---

रिवायंडिंगवाला_करमाळा

सगळ्यांचे आभार. एकेकाला वेगळं लिहीत बसत नाही, गिऱ्हाईक उभं आहे.

शॉर्ट पिचचं तिला सांगितलं. तिनं वहीत आकृती काढली, मग मला म्हणाली, "मग दोन स्लॉट आखूड टाकली तर?" परभणीच्या ताई, हे तुमच्यासाठीच ठेवलंय.

बार्शीचा माणूस आज परत आला होता. मावशींनी सांगितलं तसं विचारलं, तुकडीला कोण शिकवणार. त्यानं रंगीत पत्रक पुढे केलं. म्हणालो, पत्रक नको, तासाला बसू द्या. शनिवारी बोलवतो म्हणालाय. फोन आला तर जाईन. नाही आला तर इथलंच कॉलेज बघतो, आणि गणिताला शिकवणी.

आधार बघितलं. आधारवर 'वैष्णवी', शाळेत 'वैश्णवी'. शाळेत जाऊन अर्ज दिला.

एक अडलंय. वडिलांचा दाखला सापडला, १९५८ चा, जेऊरच्या शाळेचा. जात लिहिलेली आहे. पण त्यावर आडनावच नाही, नुसतं नाव आणि आजोबांचं नाव. चालेल का?

---

सेवा_केंद्र_चालक

चालतं. त्या काळातल्या निम्म्या दाखल्यांवर आडनाव नसतं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करा, त्यात ती व्यक्ती तुमचे वडीलच आहेत हे लिहा. सोबत सातबारा किंवा फेरफार जोडा, ज्यावर वडिलांचं नाव आडनावासकट आहे. मूळ दाखला लॅमिनेट करू नका. लॅमिनेशनवर शिक्का उमटत नाही.